मार्चचा वारा आणि आमची आरव्ही: डॅलस ते ग्रँड कॅन्यन

आई-बाबा १ मार्च २०२५ ला डॅलसला आले. त्यांना आरव्हीतून (आत झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेली मोठी गाडी) ग्रँड कॅन्यन दाखवायचं हे आम्ही डिसेंबरमध्येच ठरवलं होतं. आईचे गुडघे दुखतात, रोज नव्या हॉटेलात बॅगा चढवणं-उतरवणं तिला जमत नाही. घरच सोबत असलं की तिला हवं तेव्हा आडवं होता येतं, चहा करता येतो. मी आणि नवऱ्याने याआधी कधी आरव्ही चालवली नव्हती. त्यातून आईला दमा आहे. त्यामुळे माझं पहिलं काम होतं ते म्हणजे वाटेतल्या हवेचा अंदाज काढणं. ते मी कसं केलं, कुठे चुकले, कुठे वाचलो, हे लिहून ठेवते. पहिल्यांदा जाणाऱ्याला हे सांगणारं कुणीतरी हवं असतं.

२५ फुटी क्लास सी (ट्रकच्या सांगाड्यावर बांधलेली) गाडी आम्ही डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात बुक केली. १३ ते २७ मार्च, १४ रात्री, रात्रीला १३९ डॉलर. रोजचे १०० मैल धरलेले, त्यापुढे मैलाला ३५ सेंट. विमा दिवसाला २९, भांडी-पांघरुणं आणि तयारीचे १६५. परत मिळणारं डिपॉझिट १,००० डॉलर. सही करण्याआधी दोन कलमं नीट वाचा. एक, हवामानामुळे तारीख बदलली तर काय होतं. दोन, छत आणि ऑनिंग (बाहेर उघडायचं कापडी छप्पर) विम्यात येतं का. आमच्या विम्यात ऑनिंग नव्हतं आणि हवामानासाठी पैसे परत नव्हते. घरच्या कारचा विमा आरव्हीला लागू होईल असं गृहीत धरू नका, फोन करून विचारा.

जानेवारीत मी क्लायमेट प्रेडिक्शन सेंटरचे नकाशे उघडले. ही अमेरिकेच्या सरकारी हवामान खात्यातली लांब पल्ल्याचा अंदाज देणारी शाखा. तीन-तीन महिन्यांचे आणि पुढच्या महिन्याचे अंदाज ते दर महिन्याच्या तिसऱ्या गुरुवारी काढतात. महिन्याचा अंदाज पुन्हा महिनाअखेरच्या दिवशी सुधारतात. तिसऱ्या-चौथ्या आठवड्याचा अंदाज दर शुक्रवारी येतो. ६ ते १० आणि ८ ते १४ दिवसांचे अंदाज रोज निघतात. मी १६ जानेवारी, २० फेब्रुवारी आणि २८ फेब्रुवारी अशा तारखा कॅलेंडरवर लिहून ठेवल्या.

९ जानेवारीला ला निना (विषुववृत्ताजवळचं प्रशांत महासागराचं पाणी नेहमीपेक्षा गार होणं) आल्याचं त्यांनी जाहीर केलं होतं. ला निनात वादळांची वाट उत्तरेकडे सरकते आणि दक्षिणेचा पट्टा, म्हणजे टेक्सास, न्यू मेक्सिको, ॲरिझोना, सहसा कोरडा राहतो. वसंताच्या नकाशावर आमची सगळी वाट तापमानाला नारिंगी आणि पावसाला तपकिरी होती. उबदार आणि कोरडं. मी खूश झाले. आईला फोनवर सांगितलं, "हवा छान आहे, पाऊस नाही."

इथेच माझी चूक होती, आणि ती समजायला बाबा लागले.

बाबांची बार्शीजवळ शेती आहे. दर एप्रिलमध्ये आपल्या हवामान खात्याचा मॉन्सूनचा अंदाज येतो, तो ते पाठ करतात. इथे आल्यावर दुसऱ्याच दिवशी मी त्यांना नकाशा दाखवला. नारिंगी पट्ट्यावर ५० लिहिलेलं बघून ते म्हणाले, "हे सरासरीच्या किती टक्के?" मी म्हटलं, बाबा, ही टक्केवारी सरासरीची नाही, शक्यतेची आहे. मग आम्ही दोघांनी बसून ते नीट समजून घेतलं. १९९१ ते २०२० ही तीस वर्षं घ्यायची. त्यांतली सर्वांत उबदार दहा एका गटात, मधली दहा दुसऱ्यात, गार दहा तिसऱ्यात. काहीच माहीत नसेल तर प्रत्येक गटाची शक्यता साधारण ३३ टक्के. नकाशावर ४० लिहिलं असेल तर हा वसंत उबदार गटात पडण्याची शक्यता ४०, मधल्याची ३३, गार गटाची २७. म्हणजे दहातले जवळजवळ तीन वसंत गार निघणारच. नकाशा जिथे पांढरा असतो तिथे अंदाज "सरासरीइतका" आहे असं मला वाटायचं. तसं नसतं. पांढरा म्हणजे तिन्ही गटांना सारखीच संधी, पारडं कुठेच झुकलेलं नाही.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि वारा? वाऱ्याचा नकाशा कुठाय?"

नव्हता. महिन्याचे आणि हंगामाचे हे अंदाज तापमान आणि पाऊस एवढंच सांगतात. अकरा-बारा फूट उंचीचा डबा हायवेवरून न्यायचा असेल तर या दोन्हींपेक्षा वारा महत्त्वाचा. बाबा पुढे म्हणाले, "हिवाळाभर पाऊस नाय, रान उघडं, आन् मार्चात वारं. मग धूळच की." तपकिरी रंग बघून मी "पाऊस नाही" एवढंच वाचलं होतं. दमेकरी माणसाला घेऊन जाताना त्याचा अर्थ "धूळ" असा वाचायला हवा होता.

त्यानंतर मी शोधायच्या गोष्टी बदलल्या. त्याच केंद्राचा दुसऱ्या आठवड्यातल्या धोक्यांचा एक वेगळा नकाशा असतो, त्यात जोराचा वारा दाखवतात. तो रोज पाहायला लागले. सात दिवसांच्या आत आलं की नॅशनल वेदर सर्व्हिसच्या, म्हणजे त्याच सरकारी हवामान खात्याच्या, नकाशावर नेमकं कॅम्पग्राउंडच्या जागी क्लिक करायचं आणि तासातासाचा आलेख उघडायचा. त्यात वाऱ्याचा सलग वेग आणि झोत (मध्येच येणारे जोराचे झटके) वेगवेगळे दिसतात. माझ्या सगळ्यांत उपयोगी पडली ती मात्र "फोरकास्ट डिस्कशन" नावाची साधी मजकुराची पानं. प्रत्येक स्थानिक कार्यालयातले अंदाजकर्ते त्यात लिहितात की संगणकावरची मॉडेलं कुठे एकमत आहेत, कुठे नाहीत, त्यांना स्वतःला किती खात्री वाटते. भाषा तांत्रिक आहे, पण चार दिवस वाचलं की सवय होते. माणूस माणसाला सांगतोय असं वाटतं, आणि मला त्या आठवड्यात तेच हवं होतं.

निघायला तीन दिवस राहिले तेव्हा, १० मार्चला, शुक्रवार १४ मार्चबद्दल पश्चिम टेक्सासच्या कार्यालयांचा सूर बदलला होता. स्टॉर्म प्रेडिक्शन सेंटर, जे ओक्लाहोमातल्या नॉर्मनला आहे, ते गडगडाटी वादळांचा आठ दिवसांपर्यंतचा अंदाज देतं आणि वणव्यांच्या हवेचाही वेगळा देतं. दोन्हींत तोच शुक्रवार. आम्ही १३ ला निघणार होतो, म्हणजे १४ ला नेमके मिडलंडच्या बाजूला उघड्या माळावर.

कंपनीला फोन केला. तारखा पुढे ढकलता येणार नाहीत, कारण २७ नंतर गाडी दुसऱ्याला दिलेली. पैसे परत नाहीत. एवढी मुभा मिळाली की गाडी दोन दिवस त्यांच्याच आवारात राहील, भाडं चालू राहील, आम्ही १५ ला सकाळी घेऊ. हे मी ईमेलवर लिहून मागितलं. नाहीतर १३ ला आला नाहीत म्हणून बुकिंग रद्द झालं असतं. दोन रात्रींचे २७८ डॉलर आणि दोन मुक्कामांच्या रद्दीकरणाचे ५८ पाण्यात. नवरा रात्री उशिरापर्यंत विचारत होता, "उगाच घाबरतोय का आपण?" मलाही खात्री नव्हती. ३३६ डॉलर ही काही लहान रक्कम नाही.

१३ ला होळी होती. आईने पुरणपोळ्या केल्या, थोड्या प्रवासाला बांधायच्या म्हणून बाजूला ठेवल्या. १४ ला, ऐन धुळवडीच्या दिवशी, आमच्या खिडकीबाहेरचं आकाश मातकट झालं. पश्चिम टेक्सासात वादळी वाऱ्याचा इशारा होता. त्या दिवशी ओक्लाहोमात वणव्यांनी शेकडो घरं जाळली. कॅन्ससमध्ये आय-७० महामार्गावर धुळीत गाड्या एकमेकींवर आदळल्या, आठ जण गेले. आई बातम्या बघत गप्प बसली होती. नवऱ्याने त्यानंतर ३३६ डॉलरचा विषय काढला नाही.

१५ तारखेला सकाळी नऊला गाडी घेतली. ताबा देताना ते भराभर दाखवतात, म्हणून सगळं फोनवर व्हिडिओत घेतलं: पाण्याची नळी कुठे लावायची, मैल्याच्या टाकीचा खटका, प्रोपेन गॅस बंद कसा करायचा, ऑनिंग कशी गुंडाळायची. छताचेही फोटो काढून घ्या. मार्चच्या सुरुवातीला गाडी घेत असाल तर हिवाळ्यासाठी नळांत घातलेलं गुलाबी अँटीफ्रीझ धुऊन काढलंय का ते विचारा.

निघण्यापूर्वी ३५ डॉलरचा बॅटरीवरचा वेदर रेडिओ घेतला होता. १६२.४०० ते १६२.५५० मेगाहर्ट्झमध्ये सात वाहिन्या आहेत, चोवीस तास स्थानिक हवामान सांगतात, आणि मोबाइलला रेंज नसेल तिथेही बहुतेक वेळा ऐकू येतात. रेडिओवरचे इशारे काऊंटीच्या (आपल्या जिल्ह्यासारखा भाग) नावाने येतात. आपण कोणत्या काऊंटीत आहोत हे प्रवाशाला माहीतच नसतं. ते काम बाबांनी घेतलं. रोज मुक्कामाला पोचलं की ऑफिसात जाऊन काऊंटीचं नाव आणि वादळ आलं तर जायची पक्की इमारत कोणती, हे विचारून डायरीत लिहायचं. इंग्रजी तोडकं, पण त्यांना कुणी टाळलं नाही. हे विचारणं फार गरजेचं आहे. टोर्नेडोत आरव्ही आसरा देत नाही. बहुतेक ठिकाणी सिमेंटच्या भिंतींची स्वच्छतागृहं दाखवतात. "वॉच" म्हणजे तसं घडण्याजोगी हवा आहे, तयारीत राहा. "वॉर्निंग" म्हणजे घडतंय किंवा घडायच्या बेतात आहे, आत्ता उठा. हे दोन शब्द बाबांनी डायरीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिले होते.

पहिली रात्र ॲबिलीनजवळ, दुसरी व्हॅन हॉर्नला. दुसऱ्या दिवशी ३०० मैल झाले, ते जास्तच. या गाडीने २०० ते २५० पुरे. व्हॅन हॉर्न सोडलं की घड्याळ एक तास मागे जातं, आणि पुढे ॲरिझोना उन्हाळी वेळ पाळतच नाही, त्यामुळे तासातासाचा अंदाज वाचताना तो कुठल्या वेळेत आहे ते बघा.

रोज पहाटे निघायचं हा नियम आम्ही दुसऱ्या दिवसापासून पाळला. सूर्य जमीन तापवतो, गरम हवा वर चढते आणि वरच्या थरातला जोराचा वारा खाली ओढला जातो. म्हणून या भागात वसंतात वारा दुपारी भरात येतो, पहाटे बहुधा शांत असतो. साडेसहाला निघून अकरा-साडेअकरापर्यंत मुक्काम गाठायचा. झोत ताशी ३५ मैलांच्या वर दिसले की गाडी हलवायची नाही, हे आमचं आम्ही ठरवलेलं. हवामान खातं बहुतेक ठिकाणी सलग ३१ मैल किंवा झोत ४६ मैल झाल्यावर वाऱ्याची सूचना देतं, आणि सलग ४० किंवा झोत ५८ वर मोठा इशारा. सूचना नाही म्हणजे उंच गाडीला ठीक, असं होत नाही. ट्रक बाजूने गेला की ३० मैलांतही स्टिअरिंग हातातून ओढलं जातं.

१७ ला लास क्रूसेसला पोचलो, आणि दुपारी व्हाइट सँड्स नॅशनल पार्क पाहिलं. गाडीमागे २५ डॉलर प्रवेश आहे, आम्ही ८० डॉलरचा वर्षाचा पास काढला. शेजारच्या तळावर क्षेपणास्त्रांच्या चाचण्या असल्या की रस्ता काही तास बंद ठेवतात, आदल्या दिवशी वेळापत्रक बघून जा. पांढऱ्याशुभ्र टेकड्यांवर आई अनवाणी चालली. वाळू जिप्समची असल्यामुळे ती तापत नाही.

दुसऱ्या दिवशीच्या अंदाजात पुन्हा वारा होता. मूळ बेत १८ ला टूसॉन गाठायचा. वाटेत लॉर्ड्सबर्गजवळ कोरड्या तलावाचा मोठा सपाट भाग आहे, तिथे आय-१० वर धुळीने अनेक जीवघेणे अपघात झालेत, रस्त्याकडेला तसे फलकच आहेत. आम्ही बेतात दोन दिवस मोकळे ठेवले होते. त्यातला एक इथे घालवायचा ठरवलं, एक रात्र वाढवून घेतली. ५२ डॉलर.

१८ मार्चचा दिवस मी विसरणार नाही. सकाळी दहापर्यंत नेहमीसारखं ऊन होतं. बाहेर खुर्च्या टाकून पोहे खाल्ले. बाराच्या सुमारास समोरचे डोंगर पुसट झाले, मग दिसेनासे झाले. ऑनिंग आम्ही उघडलीच नव्हती. स्लाइड-आउट (गाडीच्या भिंतीतून बाहेर सरकणारा भाग) आत ओढून घेतला, छतावरच्या झडपा बंद केल्या, दारा-खिडक्यांच्या फटींत ओले टॉवेल कोंबले. एसी फक्त आतली हवा फिरवतोय ना ते पाहिलं. दोनला आमचे दोन्ही फोन एकदम किंचाळले. धुळीच्या वादळाचा इशारा. गाडी जागेवर उभी असूनही होडीसारखी डुलत होती. आत सगळीकडे मातीचा वास. आईचा श्वास लागायला लागला. तिने पंप घेतला. वीस मिनिटांनी पुन्हा छाती वाजायला लागली. मी तिची पाठ चोळत होते आणि मनात जवळच्या हॉस्पिटलचा रस्ता आठवत होते, आणि त्याच वेळी कळत होतं की या धुळीत तिथपर्यंत गाडी नेणं शक्य नाही. ॲम्ब्युलन्स बोलवावी लागली असती. बाबा काही न बोलता ओला पंचा घेऊन तिच्या पायाशी बसून होते. दुसऱ्या डोसनंतर अर्ध्या तासाने ती सावरली आणि म्हणाली, "चहा टाक." तेव्हा मला रडू आलं.

दमेकरी कुणी सोबत असेल तर पंप एक नाही, दोन ठेवा. स्पेसर (पंपाला जोडायची नळी) ठेवा. एन-९५ मास्क ठेवा. पाहुण्यांचा वैद्यकीय विमा आणि त्याचा फोन नंबर कागदावर, फ्रीजवर चिकटवलेला. आणि धूळ रस्त्यात गाठली तर काय करायचं ते नवऱ्याने आणि मी दोघांनी पाठ केलं होतं: रस्त्यावरून पूर्ण बाहेर जाऊन थांबायचं, सगळे दिवे बंद, हँडब्रेक लावायचा, ब्रेकवरचा पाय काढायचा. दिवे चालू राहिले तर मागचा चालक त्यांनाच रस्ता समजून येऊन धडकतो.

१९ ला रंगपंचमी. पहाटे हवा इतकी स्वच्छ आणि गार की कालचा दिवस खरा वाटेना. लॉर्ड्सबर्गचा तो भाग आम्ही वारा सुटायच्या आत पार केला. टूसॉनला दोन रात्री राहिलो, आईला विश्रांती मिळाली, उभ्या सग्वारो निवडुंगांच्या सावलीत बाबा तासन् तास बसले.

पुढची अडचण उलटी होती. ग्रँड कॅन्यनचा दक्षिण काठ समुद्रसपाटीपासून साधारण ७,००० फूट, टूसॉन अडीच हजारांच्या आसपास. हजार फुटांना साधारण साडेतीन अंश फॅरनहाइट उतरतात. हंगामाच्या नकाशावर दोन्ही जागा एकाच नारिंगी पट्ट्यात, पण दक्षिण काठावर मार्चमधली सरासरी रात्रच गोठणबिंदूच्या खाली असते. "सरासरीपेक्षा उबदार" म्हणजे तिथे थोडी कमी थंडी, एवढंच. म्हणून २१ ला खालच्या उंचीवर कॅम्प व्हर्डीला थांबलो, प्रोपेन भरून घेतला, आणि २२-२३ काठावरच्या ट्रेलर व्हिलेजमध्ये. उद्यानाच्या आत पाणी-वीज-मैला असे तिन्ही हुकअप तिथेच मिळतात, बुकिंग महिनोन्‌महिने आधी करावं लागतं. रात्री बाहेरची पाण्याची नळी काढून ठेवली आणि टाकीतलं पाणी वापरलं. सिंकखालची दारं उघडी ठेवली, म्हणजे हीटरची ऊब पाइपांपर्यंत जाते. शेजारच्या गाडीची नळी सकाळी दगडासारखी कडक झालेली होती.

२३ ला पहाटे आई शाल गुंडाळून कठड्याशी उभी राहिली. अर्धा तास. काही बोलली नाही.

परतीला आय-४० धरला: अल्बुकर्की, अमरिलो, २६ ला संध्याकाळी घरी. २७ ला अकराच्या आत गाडी दिली. एकूण २,४८० मैल, म्हणजे जादा मैलांचे ३७८ डॉलर. पेट्रोल साधारण ८५० चं, गॅलनला नऊ मैल. मुक्काम ५६०. सगळं मिळून साडेचार हजारांच्या आसपास. डिपॉझिट नऊ दिवसांनी परत आलं. वाटेत बघायचे ठरवलेले ग्वाडालुपे पर्वत आणि कार्ल्सबॅडच्या गुहा सुरुवातीचे दोन दिवस गेल्यामुळे राहिल्या, त्याची चुटपुट आहे.

पुढच्या वेळी मी नकाशे उलट्या क्रमाने वापरीन. हंगामाचा अंदाज फक्त महिना आणि दिशा ठरवायला, आणि किती मोकळे दिवस ठेवायचे ते ठरवायला. आठवड्याला एक मोकळा दिवस कमीत कमी. जागा रद्द करायच्या अटी त्याच हिशेबाने निवडीन. निघायचं की नाही हे मात्र तीन दिवसांच्या आतल्या अंदाजावर आणि त्या दिवसाच्या तासातासाच्या आलेखावर.

१५ एप्रिलला आपल्या हवामान खात्याचा अंदाज आला, मॉन्सून सरासरीच्या १०५ टक्के. बाबांना गावाहून फोनावर फोन. संध्याकाळी ते माझ्या लॅपटॉपशी येऊन बसले आणि म्हणाले, "बातमी वाचली. त्याच्या खाली तो तक्ता असतो, कुठल्या गटाची किती शक्यता त्याचा. तो काढून दे." मी काढून दिला. त्यांनी चष्मा लावून डायरीत सगळे आकडे उतरवून घेतले, कॅन्यनच्या पानाच्या पुढच्याच पानावर.